खिशातला फ्यूज

म्हातारा वायरमन पायरीवर गल्लीतल्या पोरांना सेल, वायर, बटण, इवलासा बल्ब जोडायला शिकवत होता. “मोठेपणी घरचं वायरिंग करण्याआधी फ्यूज काढून आपल्याच खिशात टाका.” “बोर्डावर ठेवला तर?” एका चिमुरडीनं विचारलं. म्हाताऱ्याची नजर आत, अंधारात बसलेल्या बायकोकडे गेली. “घरातलं कुणीतरी मायेनं परत बसवतं,” तो कसाबसा म्हणाला. कैक वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा अंधाऱ्या माळ्यावर वायर जोडत होता. म्हाताऱ्यानं काढलेला फ्यूज बोर्डावरच राहिला; लेकाला दिसत नसेल म्हणून तिनं तो बसवला. लेक खाली उतरलाच नाही. तेव्हापासून तिनं बटणाला हात लावला नव्हता. पोरांना काय पत्ता! चिमुरडी जोडणी घेऊन आत पळाली. “आजी, तुम्ही दाबा ना!” म्हातारीनं बोट बटणापर्यंत नेलं आणि थांबवलं. “आधी तुझे दोन्ही हात दाखव.”