पूर्वेच्या भिंतीतला दगड

आयर्लंडमधलं, किलकेनीजवळचं आमचं दगडी घर कुण्या इंग्रज जमीनदाराने बांधलेलं. दोनशे वर्षं जुनं, कायद्याने संरक्षित. परवानगीशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, हे घर घेतानाच बजावून सांगितलं होतं.

तरी मी पूर्वेच्या भिंतीतला एक दगड काढलाच. "देव कपबशांच्या कपाटात नाही हं ठेवायचे," चैत्राली म्हणाली होती. मग एका शनिवारी छिन्नी घेऊन मी बायकोला कोनाडा करून दिला आणि दगड शेडमागे ताडपत्रीखाली दडवला.

आज सकाळी कौन्सिलची बाई पाहणीला आली. दारावरची बेल वाजली तेव्हा चैत्राली कोनाड्यासमोर पाटावर बसून पूजा करत होती.

"आवर पटकन, समोर पडदा ओढ," असं तिला सांगून मी दार उघडायला गेलो.

बाईला घेऊन खोलीत आलो, तर कोनाडा नव्हता. भिंत सलग होती. मधोमध तोच दगड, माझ्या छिन्नीचा ओरखडा असलेला, आणि भोवतीचा चुना मात्र जुनाट, पिवळा. खाली रिकामा पाट होता. त्या खोलीला दुसरं दार नाही.

"ग्रँड!" भिंतीवरून हात फिरवत बाई म्हणाली. "इथे काही बदल केलेत?"

"छे. एक दगड हलवलेला नाही."

तिने सहीसाठी कागद पुढे केला. तेवढ्यात भिंतीच्या आतून पूजेची घंटी वाजू लागली. आधी सावकाश, मग भराभर, जिवाच्या आकांताने.

"हा कसला आवाज?"

"जुनं घर आहे," मी म्हणालो, आणि सही केली.