अकरा ग्रॅम

“हात खिशातून काढा,” पक्ष्यांच्या बाई म्हणाल्या.

कारागिराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. व्यसनमुक्ती केंद्रातले पाच जण तळ्याकाठी उभे होते. थंडी मी म्हणत होती आणि ऊन नुकतंच पाण्यावर उतरलं होतं. लव्हाळ्यांत लावलेल्या बारीक जाळ्यांतून बाईंनी पाखरं अलगद सोडवून आणली होती. एकेकाचं वजन करायचं, पायात नंबर कोरलेलं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं, हे त्यांचं रोजचं काम. त्यातलं सोडायचं काम आज केंद्रातल्या माणसांना दिलं होतं. चौघांचं झालं होतं. त्यातला बस कंडक्टर तर आपलं पाखरू उडालं तेव्हा चक्क रडला होता, आणि आता डोळ्यांत काही गेल्याचं सांगत होता.

राहिला होता कारागीर. सलूनमध्ये केस कापायचा, म्हणून केंद्रातही सगळे त्याला कारागीरच म्हणत. गेले त्रेचाळीस दिवस त्याचे हात खिशात होते. चहाचा कप तो दोन्ही हातांनी गच्च धरायचा. दाढी त्याने सरळ वाढू दिली होती. थरथर गेली तुमची, असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते, पण डॉक्टरांचं काय जातं म्हणायला! कात्री हातात घेऊन बघायची त्याची छाती होत नव्हती.

दुकान त्याचं आणि थोरल्या भावाचं. शेवटच्या दिवशी त्याचा वस्तरा हलला आणि गिऱ्हाइकाच्या कानाला चार टाके पडले. दादा ओरडला नाही, हे जास्त वाईट. त्याने वस्तरा हातातून काढून घेतला आणि एवढंच म्हणाला, “हात स्थिर झाला की ये.”

हात स्थिर करायचा एक उपाय कारागिराला पक्का ठाऊक होता. सकाळी उपाशीपोटी दोन घोट. दहा मिनिटांत बोटं शहाण्यासारखी वागायची. दोनाचे पुढे किती व्हायचे, ते सोडा. आज दुपारी केंद्रातून त्याला घरी पाठवणार होते. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आज हात हलला तर फाटकातून निघायचं ते थेट गुत्त्यावर. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“अरे काढ की हात. चावत नाही ते,” कंडक्टर म्हणाला.

त्याने उजवा हात बाहेर काढला. हाताकडे न बघताच तो पुढे केला.

“मान या दोन बोटांच्या मधे,” बाई म्हणाल्या. “बाकीची बोटं नुसती भोवती. दाबायचं नाही.”

तर्जनी आणि मधलं बोट. केसांची बट धरायची तशीच पकड. त्याला ती एका फटक्यात जमली. तपकिरी, साधंसुधं पाखरू होतं, गर्दीत कुणी वळूनही पाहणार नाही असं.

“नाव काय याचं?” त्याने विचारलं.

“वटवट्या.”

“म्हणजे आपल्या कारागिराच्याच घराण्यातला!” कंडक्टर म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. कारागीरही हसला. एके काळी त्याची जीभ कात्रीच्या पुढे धावायची.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाखराचा पाय भिंगाखाली धरला होता. पायात आधीच कडं होतं. त्यांनी नंबर वाचला, वहीची मागची पानं उलटली आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. “हे माझंच कडं आहे. चार वर्षांपूर्वीचं. याच लव्हाळ्यांतलं.”

“चार वर्षं इथंच राहिलाय?”

“छे हो. उन्हाळा आला की हा डोंगर ओलांडून पलीकडे जातो. तीन हजार किलोमीटर. एकटाच. आणि थंडीत पुन्हा इथंच येतो, याच पाण्यावर.”

“वजन किती भरलं?”

“अकरा ग्रॅम.”

कारागिराने मनातल्या मनात तोलून पाहिलं. एका माणसाच्या डोक्यावरून कापलेले केस याहून जड भरतात. एवढासा जीव चार वेळा डोंगर ओलांडून गेला होता आणि चारही वेळा परत आला होता. त्याला स्वतःला मात्र गेल्या सहा वर्षांत घरापासून दुकानापर्यंत मधे कुठे न थांबता जाता आलं नव्हतं. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मान खाली घालावी की हात जोडावेत, ते त्याला कळेना.

आणि मग त्याला ते जाणवलं. तळहातात सुरू झालं, बोटांत शिरलं, मनगटापर्यंत आलं. बारीक, भरभर, न थांबणारं. त्याचा चेहरा उतरला. त्रेचाळीस दिवस पाण्यात गेले होते.

“घ्या परत,” तो कसाबसा म्हणाला. “घ्या लवकर. हात थरथरतोय माझा. मरेल बिचारं.”

बाईंनी पाखरू घेतलं नाही. “मूठ उघडा,” त्या म्हणाल्या.

त्याने बोटं सोडली. पाखरू उघड्या तळहातावर क्षणभर तसंच बसून राहिलं. काळाभोर डोळा त्याच्याकडे वळला. मग ते उडालं, पाण्यावरून सपकन गेलं आणि लव्हाळ्यांत दिसेनासं झालं.

रिकामा हात तसाच पुढे राहिला होता. आता मात्र त्याला बघावंच लागलं. त्याने बोटं ताणून पाहिली. हात उलटा केला, सुलटा केला. करंगळीसुद्धा जागची हलत नव्हती.

“आत्ता होती थरथर,” तो भांबावून म्हणाला. “सगळ्या हातात होती. गेली कुठे?”

बाईंनी लव्हाळ्यांकडे बोट दाखवलं. “तुमची नव्हतीच ती. त्याचं काळीज होतं ते.”