अंडं ठेवल्यागत

डोळे मिटा बरं, आणि पाहा: कवठे महांकाळजवळची एक वाडी, सकाळची वेळ. अंगणात चौदा वर्षांची विजयमाला वाकून उभी आहे. तिच्या दोन्ही पायांमध्ये नाल, म्हणजे वर मूठ कोरलेला गोल धोंडा.

"पाठीनं न्हाई, मांड्यांनी उचल," ओट्यावरून आजोबा म्हणाले. आप्पासो जुने पैलवान. उजवा खांदा कुस्तीतच निकामी झालेला. "बूड मागं. अंगासरशी धर."

नाल छातीला आला. विजयमालाचं तोंड वाकडं झालं.

"आं! तोंड हसरं ठेव. आपण जड हाय, असं धोंड्याला वाटाय नगं."

"धोंड्याला काय कळतंय, आज्जा?"

"कळतंय, लय कळतंय. आता ठेव. आवाज न्हाई झाला पायजे."

धप्प!

"पुन्यांदा."

मानसिंगचं, तिच्या वडिलांचं, पत्र आल्यापासून हे चाललं होतं. लढाई संपली होती. जत्रेच्या दिवशी बा घरी येणार होता. आप्पासोंनी पत्रातलं तेवढंच तिला वाचून दाखवलं. बा पलटणीत गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. जत्रेत दरसाल पोरं नाल उचलायची. यंदा बाच्या देखत आपण उचलायचा, असं तिनं मनाशी धरलं होतं.

शेजारचा धुळा कुंपणापलीकडून खिदळला. "आप्पासो, नात फडात उतरवताय व्हय? आन् ही ठेवायची कसली तऱ्हा? अंडं ठेवल्यागत!"

"तेच तर शिकवतोय, गड्या." आप्पासो हसले नाहीत.

आठवड्याआठवड्याला नाल जड होत गेला. जत्रेच्या सकाळी तिनं सगळ्यात मोठा उचलला, हसत, आणि असा ठेवला की मातीलाही पत्ता लागला नाही.

"चला की आता जत्रंला!"

"थांब वाईच. गाडी यिऊ दे."

बैलगाडी दारात थांबली. बा आत बसला होता, मान खाली घालून. मांड्यांवर कांबळं होतं. जिथं गुडघे असायचे, तिथून पुढं ते गाडीच्या फळीवर सपाट पसरलं होतं.

"आप्पा, धुळाला हाक मारा," बा हळूच म्हणाला. "मला उतरवाय पायजे."

आप्पासोंनी हाक मारली नाही. त्यांनी नातीकडं पाहिलं.

विजयमालानं पाय रोवले, बूड मागं घेतलं, बाला अंगासरशी धरून उचललं, आणि हसत हसत ओट्यावर ठेवलं. आवाज झाला नाही.