लाल इशारा

यवतमाळच्या त्या लहानशा कंपनीत ग्राहकांच्या वेबसाइटींची सुरक्षा प्रमाणपत्रं वेळेवर नवी करायचं काम ऋचाकडे होतं. आज मुदत संपलेली साइट एका वैद्यबुवांची होती. ‘चाळीस दिवसांत शुगर गायब, इन्सुलिन कायमचं बंद!’ हे तिने पहिल्यांदाच नीट वाचलं आणि तिला शिसारी आली. साइट उघडणाऱ्याला आता कुलपाच्या खुणेऐवजी ‘ही साइट सुरक्षित नाही’ असा लाल इशारा दिसत होता. तिने तो तसाच राहू दिला.

कंपनीचे मालक मंदार सर तणतणत आले. “आपण कुलूप लावायचं, ऋचा. आत काय माल आहे ते बघायचं नाही.”

“मग तुम्हीच लावा. माझा हात धजत नाही.”

तेवढ्यात साइटच्या तळाशी दिलेल्या, कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन आला. दारव्ह्याकडच्या तांड्यावरून पूनमसिंग बोलत होता. “मॅडम, मायसाठी औषध मांगवून राह्यलो. कालपासून तिची सुई बी बंद केली. पण मोबाइल लाल लाल दाखवते. घेऊ का नको?”

“अजिबात घेऊ नका, दादा! ते औषध खोटं आहे. आईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.”

“बरं झालं इचारलं,” तो म्हणाला. ऋचाला हायसं वाटलं. शेजारच्या टेबलावर मंदार सरांनी तोंड वाकडं करून स्वतःच प्रमाणपत्र नवं करायचं बटण दाबलं.

 

“थांबा मॅडम, लाल गेलं! कुलूप आलं पाहा. म्हंजे औषध खरंच असन!”