कोटाच्या आत

छोट्या ऊलाचा ताप उतरेना आणि बर्फानं रस्ता पार बुजलेला. रुगिले पुन्हा नवऱ्याला म्हणाली, "अरे, शेजारच्या पोविलासकाकांकडे ट्रॅक्टर आहे. नुसतं जाऊन सांग, पोरीला दवाखान्यात नेतील."

झिगिमांतास बिअरच्या पिंपावर वाकला होता. "उपकार नकोत कुणाचे. शहर सोडून शेतावर आलो ते कशासाठी? आपलं जव, आपला मध, आपली बिअर. तापाला लिंडनच्या फुलांचा काढा आहे की!"

"तो ओकली ती."

"तुला ना, उगाच घोर लावून घ्यायची सवय आहे." असं म्हणत त्यानं विहिरीतून काढून आणलेली बरणी उघडली. तेवढ्यात ऊला कण्हली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं बूट चढवले आणि गुडघाभर बर्फ तुडवत तो थेट पोविलासच्या घराकडे निघाला.

आला बाबा ताळ्यावर! रुगिलेनं घाईघाईनं पोरीला लोकरीच्या शालीत गुंडाळलं.

तो परतला तो पायीच, कोट छातीशी घट्ट धरून. आतून त्यानं अलगद एक मडकं काढलं. "दिलं एकदाचं काकांनी खमीर! आपलं बरणीतलं नासलं होतं गं, सगळी बिअर वाया गेली असती."

"आणि ट्रॅक्टर?"

"ते कुठं विचारत बसू? आधी दार लाव, खमिराला थंडी बाधेल."

"तुझं तू लाव," रुगिले म्हणाली आणि पोरीला उराशी धरून, त्यानंच बर्फात पाडलेल्या वाटेनं चालू लागली.