'ह'चं उत्तर

"पुन्हा हीच!" अण्णासाहेबांनी हातातली वही टेबलावर आपटली.

प्रश्न पुरता संपायच्या आत कमळनं चमच्यानं थाळी वाजवली होती. 'ट'चा प्रश्न होता. विजेच्या जुन्या दिव्यातली तार कुठल्या धातूची?

"टंगस्टन," कमळ म्हणाली आणि चमचा खाली ठेवला. उत्तर बरोबर होतं, त्यामुळे अण्णासाहेबांना गुण द्यावाच लागला.

मुठा खोऱ्यातल्या त्या गावात वाचनालयाची प्रश्नमंजूषा दर साली व्हायची. निवृत्त हेडमास्तर अण्णासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष, तेच प्रश्न विचारायचे. गेल्या सालापासून त्यांनी नवा थाट काढला होता. पहिलं उत्तर 'क'नं सुरू होणारं, दुसरं 'ख'नं, असं करत थेट 'ह'पर्यंत. 'ङ', 'ञ', 'ण' यांना सुट्टी. सत्तरी गाठली तरी माणसाचं डोकं बघा कसं चालतं, असं गावानं तोंड भरून म्हटलं होतं. शनिवार-रविवारी येणाऱ्या बंगलेवाल्यांनी तर उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

यंदा बक्षीस साधं नव्हतं. जिंकेल त्याला वाचनालयात ग्रंथपालाची पक्की नोकरी मिळणार होती. अण्णासाहेबांचा पुतण्या ऋषिकेश महिनाभर आधीच त्या खुर्चीत बसून मोबाइल चाळायला लागला होता. वरच्या वाडीची कमळ चार वर्षं त्याच खुर्चीखालचा केर काढत होती. दहावी झालेली, केर झाला की कोपऱ्यात वाचत बसायची. ती नोकरी तिला इतकी हवी होती की तिनं सगळ्यांच्या आधी नाव नोंदवलं. ते नाव बघून अण्णासाहेब हसले होते.

स्पर्धेआधी तिनं सरपंच हैबतरावांच्या हातात एक बंद पाकीट दिलं. "शेवटच्या परश्नानंतर फोडा," एवढंच म्हणाली. अर्ज असेल म्हणून हैबतरावांनी ते सदऱ्याच्या खिशात सारलं आणि विसरून गेले.

'त'ला ताम्हण ऋषिकेशनं सांगितलं. 'न'ला नेपच्यून कमळनं. बाकीचे स्पर्धक कधीच गळाले होते. आता एकदा ही थाळी वाजे, एकदा ती, आणि मांडवात कुणी कुणाकडं हसून बघत नव्हतं. 'ष' झाला तेव्हा ऋषिकेश एका गुणानं पुढं होता. 'ष'ला षट्कोन त्यानंच सांगितलं होतं. 'स'ला अण्णासाहेबांनी चष्मा सावरला.

"महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर..."

"सह्याद्री," कमळ म्हणाली.

गुण सारखे झाले. अण्णासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला.

"सरपंच, ही स्पर्धा नाही, हा दरोडा आहे! माझा प्रश्न अजून तोंडातून बाहेर पडला नाही आणि हिचं उत्तर तयार! ही रोज कपाट पुसते. ही वही त्याच कपाटात असते."

हैबतराव कमळकडं वळले. "वही बघितलीस व्हय गं?"

"व्हय. पान न् पान बघितलंय."

मांडवात एकच गलका उठला. "हाकला तिला!" कुणीतरी मागून ओरडलं. "वाडीवरल्यांना खुर्ची कशाला पायजे? झाडू द्या हातात!"

"चोर तो चोर, वर शिरजोर!" अण्णासाहेब गरजले. "उद्यापासून केर काढायलाही पाऊल टाकायचं नाहीस. आणि पोलीस पाटलांना बोलवा आत्ताच."

कमळचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. तिला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता.

"एक परश्न ऱ्हायलाय," ती म्हणाली. "तेवढा विचारा. मी थाळी वाजवत न्हाई. ऋषिकेशलाच सांगू द्या."

अण्णासाहेबांना ते पटलं. पुतण्या जिंकणार आणि चोर पकडल्याचं श्रेयही पदरात पडणार, तर नको कशाला म्हणायचं? त्यांनी शेवटचं पान उलटलं.

"'ह'. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. त्या फुलोऱ्याच्या मधाला डोंगरात काय म्हणतात?"

ऋषिकेश आयुष्यात डोंगर चढला असेल तर पार्टीपुरता. तरी त्यानं डोळ्याचं पातं लवू न देता सांगितलं, "हुंबाळ."

"बरोबर!" टाळ्या कडाडल्या. अण्णासाहेब कमळवर डाफरले, "तुमच्याच डोंगरातला शब्द, आणि तू मख्ख! अक्कल चोरता येत नाही, कळलं?"

"उत्तर नक्की बरोबर हाय ना, अण्णासाहेब?"

"मला विचारतेस? वर्षभर डोंगर पालथे घालून मिळवलाय हा शब्द. प्रश्न माझे, उत्तरं माझी, अक्षर न् अक्षर माझं."

"तेवढं माइकवर म्हना की."

अण्णासाहेबांनी माइक ओढला आणि तेच पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"सरपंच," कमळ म्हणाली, "आता फोडा पाकीट."

हैबतरावांनी खिसा चाचपला. पाकीट निघालं, चुरगळलेलं. "माफीचा अर्ज असंल तर आता उपेग न्हाई बग," म्हणत त्यांनी ते फाडलं आणि माइकसमोर धरून एकेक शब्द लावत वाचायला लागले.

"'गेल्या वर्षी माझी प्रश्नांची वही वाचनालयाच्या कपाटात राहिली. वहीवर नाव नव्हतं. तेच प्रश्न स्पर्धेत विचारले गेले. म्हणून यंदाची नवी वही मी मुद्दाम तिथंच ठेवली. तिच्यातली सगळी उत्तरं खरी आहेत, फक्त 'ह'चं सोडून. हुंबाळ असा शब्द कुठल्याच डोंगरात नाही. तो मी माझ्या मनानं तयार केलाय.'"