पाठ झालेला तक्ता

"डावा डोळा झाका, आई," सून म्हणाली.

सासूबाईंनी डोळ्यावर तळहात धरला आणि दुकानाच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून काढला. मग उजवा झाकून पुन्हा, आणखी घडाघडा.

"गाडी सुटतेय का तुझी?" चष्मेवाले दारातून बायकोला म्हणाले. सुनेकडे वळून म्हणाले, "बघ, हिला काही झालेलं नाही. वेंधळेपणानं कप फुटतात घरात, दुसरं काय!"

सून हसली नाही. डोळे तपासायचं हे काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. 'दिसतंय ना?' असं कधी विचारू नये. माणसं भिडेनं हो म्हणतात. 'काय दिसतंय?' असं विचारावं. आणि गिऱ्हाइकानं चष्मा परत आणला, तर त्याच्यावर डाफरण्याआधी स्वतःला विचारावं, मी कसं विचारलं होतं? चष्मेवाले स्वतःची अशी उलटतपासणी चारचौघांत घेत. दुकानाचं नाव त्यामुळेच झालं होतं.

तिनं भिंतीवरचा तक्ता उतरवून कपाटातला दुसरा लावला. "आता पुन्हा. उजवा झाका."

सासूबाईंनी मान पुढे काढली, मग तिरकी केली.

"सगळ्यात वरचं, मोठं अक्षर. काय दिसतंय?"

"तक्ता बदललास होय गं?" त्या म्हणाल्या. "तो जुना मीच पुसते रोज. पाठ आहे मला."

"आई, काय दिसतंय?"

"मधोमध काळं. कडेनं थोडं पांढरं."

सुनेनं यंत्रातून डोळ्यात पाहिलं आणि ती बाजूला झाली. चष्मेवाल्यांनी पाहिलं. आतल्या पडद्यावर जुना व्रण होता. कुठल्याही भिंगानं भरून न येणारा. वेळेवर डॉक्टरकडे धाडलं असतं, तर नजर वाचली असती. परक्या माणसांना त्यांनी असं कितीदा धाडलं होतं.

'बोलली का नाहीस?' हे शब्द अगदी ओठांवर आले. सून त्यांच्याकडेच बघत होती. त्यांनी ते गिळले. मी कसं विचारलं होतं?

विचारलं तर होतं. बायको डोळा चोळताना दिसली की हमखास. कुणाची तरी फ्रेम फडक्यानं पुसत, मान वर न करता, "नीट दिसतंय ना गं?" आणि तिचं 'हो' येण्याआधीच ते पुढच्या कामाला लागलेले असत. डोळ्यांचंच कशाला? बरी आहेस ना, चालेल ना, राग नाही ना आला... 'हो'पेक्षा लांब उत्तर लागेल, असा एकही प्रश्न त्यांनी घरात कधी विचारला नव्हता.

स्टूल ओढून ते तिच्यासमोर बसले.

"अगं, काय होतंय तुला?" ते म्हणाले. "सगळं सांग. डोळ्याचं, आणि बाकीचंही. मी ऐकतोय."

चांगल्या डोळ्यानं नीट दिसावं म्हणून तिनं मान किंचित वळवली. रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं, तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी काउंटरवरची घंटी वाजवली.

"जा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय. त्याला नीट विचारा."